मोराच्या पोटातल्या चुका

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. एक माझे सासरे आणि दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई. सासऱ्यांना मी बाबा म्हणते आणि त्यांना आत्या. दोघं एकाच टेबलावर जेवायची, एकाच किटलीतला चहा प्यायची, आणि मीठ हवं असलं तरी माझ्याकडे बघून म्हणायची, "सूनबाई, मीठ द्यायला सांग." मीठ समोरच्याच्या हाताशी असायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचा रुसवा असेल. त्याला आता इतकी वर्षं झाली होती की अबोला नेमका कधी धरला यावरही त्यांचं एकमत नव्हतं, आणि ते मतभेदही माझ्यामार्फतच चालायचे.

खाली दुकान, वर घर. दुकान म्हणजे जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून द्यायचं. बाबा सांगाडे उघडतात, पट्टे ताणतात, स्प्रिंगा बसवतात, काथ्या भरतात. मी मशीनवर कव्हरं शिवते. नवरा टेम्पोवर माल आणतो आणि पोचवतो, आणि घरात काही तापलं की त्याला नेमकी लांबची फेरी निघते. आत्यांनी लग्न केलं नाही. स्वयंपाक आणि दुकानाची झाडलोट त्यांच्याकडे, आणि गिऱ्हाईक कसं आहे हे ते दारात असतानाच ओळखायचं कामही त्यांनी आपणहून घेतलेलं.

अबोल्याचं कारण होतं एक खुर्ची. बाबांची आई शेवटची बरीच वर्षं त्या खुर्चीत बसून होती. ती गेल्यावर आत्या काही दिवस मैत्रिणीकडे राहायला गेल्या. परत आल्या तर बाबा दुकानात ती खुर्ची उलटी करून बसलेले. जुनं कापड फाडून बाजूला टाकलेलं, काथ्या जमिनीवर, आणि आई बसून बसून बैठकीला जो खळगा पडला होता तो गेलेला. आत्या दारात उभ्या राहिल्या, बघितलं, बॅग उचलून वर निघून गेल्या. त्यानंतर भावाशी एक शब्द नाही. बाबांनीही मग मान तुकवली नाही. खुर्ची नवी होऊन वरच्या खोलीत खिडकीपाशी आली, गर्द हिरव्या कापडात, आणि तिच्यात कुणी बसायचं नाही. मी एकदा कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी त्या उचलून पलंगावर ठेवल्या. त्या एका बाबतीत त्यांचं जमायचं.

मोराचं सांगायचं, तर आधी एक शब्द सांगायला हवा. आमच्या धंद्यात चूक म्हणजे चपट्या डोक्याचा बारीक खिळा. कापड लाकडावर ठोकायचं ते चुकांनी. "चुका संपल्या", "मोठ्या चुका आण", असं दुकानात दिवसभर चालू असतं आणि नवं गिऱ्हाईक जरा बिचकतं. बाबा चिमूटभर चुका तोंडात धरतात, जिभेने एकेक ओठांवर आणतात आणि हातोडीच्या चुंबकाला देतात. दोन्ही हात मोकळे राहतात. तोंड मात्र अडकतं, त्यामुळे काम चालू असताना बाबांना काही विचारलं तर उत्तर नाकातून येतं.

आमच्या गल्लीत मोर हिंडतात. कुणी म्हणतं, पूर्वी टेकडीवरच्या बंगल्यात पाळले होते आणि बंगला पडला तेव्हा ते बाहेर आले. आता ते कुणाचेच नाहीत. भिंतींवर बसतात, पत्र्यावर नाचतात, पहाटे ओरडून सगळ्यांच्या झोपा घालवतात. त्यातला एक थोरला मोर रोज गल्लीत फेरी मारायचा. प्रत्येक दुकानाच्या दारात थांबायचा, मान तिरकी करून आत बघायचा, कामात खोट सापडल्यासारखा पुढे जायचा. त्याला सगळे मुकादम म्हणायचे. हाताला मात्र लागायचा नाही. कुणी एक पाऊल पुढे टाकलं की मुकादम भिंतीवर.

एके सकाळी मी काथ्याचं पोतं आणायला मागच्या अंगणात गेले तर मुकादम पोत्याला टेकून बसला होता. पिसारा मातीत लोळत होता. मी अगदी जवळ गेले, तरी उठला नाही. डोळे अर्धे मिटलेले, पंख सुटलेले, आणि खाली हिरवट पाणी. मी आत्यांना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या आणि त्यांनी त्याला सरळ उचललं. त्याने उचलू दिलं, तेव्हाच आम्हाला कळलं की काही खरं नाही.

पक्ष्यांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. मोर टेम्पोतून न्यायचा म्हणजे कुणीतरी मागे धरून बसायला हवं. आत्यांनी सांगितलं, "सूनबाई, त्याला म्हणावं, तुझे हात मोठे आहेत." बाबांनी एका सोफ्याचं जुनं कव्हर आणलं, मुकादमाला त्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन मागे बसले. पिसारा टेम्पोच्या फळीवरून बाहेर लोंबत होता. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं फोटो काढत होती आणि बाबा समोर बघत होते, जणू रोज असेच फिरायला निघतात.

डॉक्टरबाई वयाने लहान, बोलायला तुटक. त्यांनी मोराला आत नेलं, बराच वेळ लावला आणि मग एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली. पोटाच्या मध्यभागी पांढऱ्या रेघांचा झुबका. एकेका रेघेला वर चपटं डोकं.

"हे काय असेल, कल्पना आहे?" त्यांनी विचारलं.

बाबा फिल्मच्या जवळ गेले. "चुका," ते म्हणाले.

"चुका सगळ्यांकडूनच होतात हो. पण पोटात काय आहे?"

"चुकाच. आमच्या."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना समजावून सांगितलं. निरोप पोचवण्याची सवय अशी कुठे ना कुठे उपयोगी पडते. मग त्या म्हणाल्या की पक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात आणि चकचकीत दिसेल तेही उचलतात. या खिळ्यांवर जस्ताचा मुलामा आहे आणि तो पोटात विरघळून अंगात भिनतोय. काही खिळे त्या काढू शकल्या होत्या. उरलेले हळूहळू बाहेर पडायला हवेत, आणि रोज सकाळ-संध्याकाळ औषध द्यायला हवं. जगेल का, ते आत्ता सांगता येणार नाही.

"पण एवढे खिळे याला मिळाले कुठे?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. काही महिन्यांपूर्वी बाबांनी काळ्या चुका बंद करून या चकचकीत घ्यायला सुरुवात केली होती. काम करताना काही खाली सांडतातच. पूर्वी बाबा जमिनीवरून चुंबक फिरवायचे. नव्या चुका आल्या तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, तेही तोंडात चुका असताना, "तिला म्हणावं, आधी चुका काढ, मग झाड." मी निरोप आहे तसा पोचवते, त्यात स्वतःचं मीठ-मसाला घालत नाही. मी वर जाऊन आत्यांना म्हटलं, "बाबा म्हणतात, आधी चुका काढ, मग झाड." आत्या कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. "मी चुका काढते? तोंडातून अक्षर न काढता मी त्याच्या चुका काढते? सांग त्याला, मी चुका काढायच्या सोडल्या." मी खाली येऊन तसंच सांगितलं. बाबांना वाटलं, हिने चुंबक फिरवायचं नाकारलं. "बरं, मग मीही नाही काढणार," असं ते म्हणाले. तेव्हापासून आत्या सगळा केर चुकांसकट मागच्या अंगणात लोटत होत्या. मुकादम रोज तिथे तपासणीला येत होता.

चुका काढणं या दोन शब्दांचा आमच्याकडे तरी एकच अर्थ व्हायला हवा होता. पण रुसलेलं माणूस शब्दाचा जो अर्थ जास्त बोचेल तोच धरतं, आणि आत्या त्यात तयार होत्या.

परतीच्या वाटेत आत्या माझ्या शेजारी पुढे बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "खिळे काढ असं म्हणाला होता का तो?"

"हो."

"मग तसं म्हणायचं."

"ते चुका म्हणाले, मी चुका म्हटलं."

आत्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या केरसुणीने गेला तर मी काय तोंड दाखवू त्याला." कुणाला, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, मोरालाच.

मागच्या अंगणाला लागून आमची काथ्याची कोठी आहे. ती रिकामी करून तिथे मुकादमाला ठेवलं. बाबांनी खाली काथ्याचा जाड थर पसरला आणि एका बाजूला बसायला दांडी ठोकली. या वेळी खिळे मोठे होते आणि ठोकून झाल्यावर त्यांनी जमिनीवरून दोनदा चुंबक फिरवला. औषध द्यायला दोन माणसं लागत. एकाने पंख दाबून धरायचे आणि मान सरळ ठेवायची, दुसऱ्याने चोच उघडून पिचकारीने औषध सोडायचं. बाबांचे हात आणि आत्यांचा धीर, अशी वाटणी झाली.

पहिल्या दिवशी आत्या म्हणाल्या, "सूनबाई, सांग त्याला, मान जरा वर धर." मी मशीनवर होते, दुसऱ्या दिवशी द्यायची कव्हरं बाकी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सगळ्याचा वीट आला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग कोठीतून आत्यांचा आवाज आला, हळू, अगदी मऊ, लहान मुलाशी बोलावं तसा. "मुकादम, ह्या माणसाला सांग बाबा, मान वर धर म्हणावं."

बाबांनी मान वर धरली. आणि तेही म्हणाले, "मुकादम, तिला सांग, घाई करू नको. ठसका लागेल."

झालं. माझी नोकरी सुटली. त्या दिवसापासून सगळं मुकादमामार्फत चाललं. सुरुवातीला औषधापुरतं होतं, मग वाढत गेलं. मुकादम, सांग तिला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सोफा परत पाठवला. मुकादम, सांग त्याला, मी म्हटलंच होतं तो माणूस कटकट्या आहे. मुकादम, तिच्या गुडघ्याचं काय झालं विचार. सकाळी औषध दहा मिनिटांचं, पण दोघं तासभर कोठीत. मी शिवता शिवता ऐकायची. माझ्यामार्फत इतक्या वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या आजारी पाखरामार्फत बोलले. मला थोडा रागच आला. एवढी वर्षं मी इमानाने निरोप पोचवले, आणि मऊ आवाज मात्र मोराच्या वाट्याला.

मुकादमाने दोन-तीन दिवस डोकं वर केलं नाही. मग पाणी प्यायला लागला. मग आत्यांनी कुस्करलेलं उकडलेलं अंडं खाल्लं. डॉक्टरबाईंनी अंड्यात इसबगोल मिसळायला सांगितलं होतं, खिळे पुढे सरकावेत म्हणून. बाहेर पडलं की नाही ते बघायचं काम माझ्याकडे आलं. रोज सकाळी मी चुंबक घेऊन मोराच्या शिटेत फिरवायची. शिक्षण, संसार, हातातली कला, सगळं करून मी इथवर पोचले होते. पण चुंबकाला टिक् करून चूक चिकटली की मला आनंद व्हायचा, हे मी नाकारत नाही. मी ती धुऊन आत्यांना दाखवायची आणि त्या ओंजळीत घेऊन बघत बसायच्या.

डॉक्टरबाई तपासायला आल्या तेव्हा मुकादम दांडीवर बसला होता. त्यांनी मोराला पाहिलं आणि खूश झाल्या. मग आत्या म्हणाल्या, "मुकादम, बघ कोण आलंय," आणि मुकादम दांडीवरून उतरला, सरळ चालत आला आणि त्याने आत्यांच्या पदराला चोच लावली.

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. "हा माणसाळलाय," त्या म्हणाल्या.

"प्रेमळ आहे," आत्या म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी. तुम्ही याच्याशी बोलता का?"

आत्यांनी बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी दांडीकडे. मी म्हटलं, "थोडंफार बोलतात."

डॉक्टरबाईंनी मग स्पष्टच सांगितलं. मोर आता वाचेल. पण गल्लीतून पुढे मोठा रस्ता आहे आणि माणसाला न भिणारा मोर तिथे टिकत नाही. मागे एका हॉटेलवाल्याने असाच एक लाडावला होता, तो हाका ऐकून गाडीखाली गेला. असे पक्षी त्या दवाखान्यामागच्या जाळीत ठेवतात. जाळी मोठी आहे, खायला मिळतं, पण पिंजरा तो पिंजराच. आयुष्यभर. "मी दोन आठवड्यांनी येईन," त्या म्हणाल्या. "तोवर याच्याशी बोलायचं नाही, याच्यासमोर बोलायचं नाही. तेव्हा दार उघडून बघू. माणसाच्या आवाजाकडे आला तर मला न्यावा लागेल. नाही आला तर तुमच्या भिंतीवर बसू दे."

त्या गेल्यावर आत्या पायरीवर बसल्या. "आधी मी ह्याला खिळे खायला घातले," त्या मला म्हणाल्या, "आणि आता पिंजऱ्यात घालते." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. ते दोन पावलं पुढे आले, थांबले आणि दुकानात गेले.

मग आमचं घर खरोखर मुकं झालं. मोरामार्फत बोलायचं नाही, आणि मी तर आधीच सांगून टाकलं होतं की मी निरोप्याचं काम पुन्हा धरणार नाही. मीठ हवं असेल तर हात लांब करा. नवऱ्याने दोन दिवस ते जेवण पाहिलं आणि त्याला लांबची फेरी निघाली. औषध चालूच होतं. मी दाराच्या फटीतून बघायची. आत्या बोट वर करायच्या, बाबा मान वर धरायचे. बाबा डोळे मिटायचे, म्हणजे सावकाश. आत्या ओठ मुडपायच्या, म्हणजे संपलं. दोघं एकाच घरात लहानाची मोठी झालेली. त्यांना शब्द कधी लागतच नव्हते असं मला वाटलं, आणि मग इतकी वर्षं मला का राबवलं असंही वाटलं.

पण मुकादम विसरायला तयार नव्हता. माझ्या पावलांनी तो मागे सरायचा. बाबांनाही चुकवायला लागला होता. आत्या मात्र बाहेर नुसत्या खोकल्या तरी आत पंख फडफडायचे. आत्यांनी मग औषधाच्या वेळी तोंडावर फडकं बांधलं. त्यांचं जेवण कमी झालं. मला म्हणाल्या, "माझा आवाज त्याच्या कानात बसलाय गं. काय करू, जीभ कापून ठेवू?"

ठरल्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. गाडीतून त्यांनी मोठा पिंजरा काढून अंगणाच्या कडेला ठेवला, दार उघडून. आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. बाबांना मी हाक मारली तर ते हातोडी घेऊनच आले आणि बोलायचं म्हटल्यावर त्यांनी गालाकडे बोट दाखवलं. तोंडात चुका होत्या. आज मुद्दाम धरल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

कोठीचं दार उघडलं. मुकादम उंबऱ्यावर आला. पिसारा स्वच्छ, मान निळीशार. त्याने अंगणाची तपासणी केली, पिंजऱ्याची केली, आमची केली.

डॉक्टरबाई त्याच्याशी गोड बोलल्या. तो जागचा हलला नाही. मग मी बोलले. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्याला कव्हरांचे भाव सांगितले. तो दोन पावलं मागे गेला.

"आता तुम्ही," डॉक्टरबाई आत्यांना म्हणाल्या. "खायला तुम्ही घालत होतात. रोजच्यासारखं बोला."

आत्यांनी पदर तोंडावर धरला.

"बोलावं लागेल. उद्या रस्त्यात असाच कुणाचा आवाज आला, तर?"

आत्यांनी श्वास घेतला. तेवढ्या आवाजाने मुकादमाचा तुरा ताठ झाला. त्याने मान त्यांच्याकडे वळवली, एक पाय उचलला आणि त्यांच्या दिशेने टाकला. मग दुसरा. मला पिंजऱ्याकडे बघवेना. त्यांनी मोराकडे पाहिलं, आणि मग अख्खी मान फिरवून बाबांकडे पाहिलं.

"ए बारक्या," त्या ओरडल्या, "आईची खुर्ची का उसवलीस रे? मला न विचारता का उसवलीस?"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोरीने पोराच्या पाठीत धपाटा घालताना निघावा तसा, खणखणीत, घसा फाडून काढलेला. या घरात तो इतकी वर्षं बंद होता आणि मुकादमानेही ऐकलेला नव्हता. तो दचकून उडाला, धडपडत भिंतीवर जाऊन बसला, तिथून शेजारच्या पत्र्यावर, आणि पत्र्याच्या टोकावर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"हा माणसाकडे येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पिंजऱ्याचं दार लावून घेतलं.

ते कुणी ऐकलं नाही. आत्या बाबांकडे बघत होत्या. बाबांनी तळहात पुढे केला आणि तोंडातल्या चुका एकेक करून त्यावर काढायला सुरुवात केली. हल्ली ते एकही खाली पडू देत नव्हते. आम्ही सगळे थांबलो. शेवटची चूक काढून त्यांनी मूठ मिटली.

"स्प्रिंग मोडून वर आली होती," ते म्हणाले. "आईच्या मांडीला टोचायची. ती सांगायची नाही, मला ती गेल्यावर खुर्ची उघडली तेव्हा दिसलं. आणि तू जाताना म्हणाली होतीस, आल्यावर ह्या खुर्चीत मी बसणार."

आत्या म्हणाल्या, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू दारात आलीस तेव्हा तोंडात चुका होत्या," बाबा म्हणाले. "काढेपर्यंत तू वर गेलीस."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी मी समजावून सांगितलं नाही. त्यांना तो शब्द आता येत होता.

दोघं भांडत भांडत आत गेली. वर जाऊन भांडली, जेवताना भांडली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते एका दिवसात थोडंच संपणार. मला कुणी म्हटलं नाही, सूनबाई, सांग त्याला. मी चुंबक घेऊन मागच्या अंगणातल्या चुका काढल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि मग झाडलं. पत्र्यावरून मुकादम बघत होता. मी त्याच्याशी बोलले नाही.

संध्याकाळी मी वर गेले तेव्हा आत्या त्या हिरव्या खुर्चीत बसल्या होत्या. अगदी कडेला, पाहुण्यासारख्या. बाबा दारात उभे होते.

"टणक भरलीयस," आत्या म्हणाल्या. "आईचा खळगा कसा होता."

"तू बसत जा," बाबा म्हणाले. "पडेल."

आत्या मागे सरकल्या आणि नीट टेकून बसल्या.